'बट' नंतरचा छोटा शब्द

मैत्रिणीच्या मामेभावानं तिच्या आईला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. तो लहानपणापासून इंग्रजीतच शिकला, काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून पत्र मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं: 'यू डिड नॉट कम व्हेन फादर वॉज इल, बट देन आय हॅड नॉट रिटन टू यू.' मी लिहिलं, 'बाबा आजारी असताना तू आली नाहीस, पण नंतर मीही तुला पत्र लिहिलं नाही.' काकूंनी वाचलं आणि भाच्याच्या मनात अजून अढी आहे असंच धरून बसल्या. दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

मैत्रिणीचा फोन आल्यावर मी मूळ पत्र पुन्हा काढलं. 'हॅड नॉट रिटन' म्हणजे काकू आल्या नाहीत त्याच्याही आधीची गोष्ट. मग 'देन' म्हणजे 'नंतर' कसं असेल? तो मुलगा दोष स्वतःकडे घेत होता: तू आली नाहीस हे खरं, पण तुला कळवलं कुणी होतं? मी त्याच्या समजूतदारपणाचा अबोला करून टाकला होता. एका 'देन'पायी. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तेव्हापासून मी 'बट'च्या पाठीमागे येणाऱ्या शब्दाकडे थांबून बघते. आपण 'बट म्हणजे पण' एवढं लहानपणी पाठ करतो आणि पुढच्या क्रियाविशेषणाला शोभेचं समजतो. माझं मत नेमकं उलट आहे. विरोध आहे एवढीच वर्दी 'बट' देतो. तो विरोध कसला, कुणाच्या बाजूचा, किती जोराचा, हे पुढचा शब्द ठरवतो.

'खोली लहान आणि उजेडाची आहे', 'खोली लहान पण उजेडाची आहे'. दोन्ही वाक्यांतली माहिती तीच. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये तर्कासाठी चिन्हांची भाषा मांडली, तेव्हा 'आणि' व 'पण' यांतला फरक त्या चिन्हांत दाखवला जात नाही हे त्यांनी स्पष्टच नोंदवलं. आधीच्या भागावरून जे मनात येईल त्याहून वेगळं पुढे येतंय, हे बोलणारा 'पण'मधून सुचवतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'पण' वस्तुस्थितीबद्दल काही सांगत नाही, ऐकणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल सांगतो.

आता तीच खोली घ्या. 'द रूम इज स्मॉल, बट ॲट लीस्ट इट इज ब्राइट.' लहान आहे, पण निदान उजेड तरी आहे. इथे लहानपणाची तक्रार मान्य आहे, हाती लागलं तेवढं वाचवून घेतलंय. 'बट स्टिल आय वाँट इट.' तक्रार तशीच उभी आहे, तरीही मला तीच हवी. आणि 'बट देन देअर आर ओन्ली टू ऑफ अस.' राहणारी माणसं दोनच, म्हणजे तक्रारीतली हवाच निघून गेली. 'बट' तिन्हीकडे एकच. पहिल्या वाक्यात लहानपणाची भरपाई झाली, दुसऱ्यात त्याला न जुमानणं आलं, तिसऱ्यात तो दोषच उरला नाही.

'बट देन' सगळ्यांत फसवा, कारण तो तीन कामं करतो. सकाळी पाऊस होता, 'बट देन' ऊन पडलं: हा साधा 'मग', काळाचा. दार आतून बंद होतं, 'बट देन' उघडलं कुणी? हा 'पण मग', तर्काचा. आणि ती अधूनमधून बेसूर गाते, 'बट देन' ती सहाच वर्षांची आहे: हा सांभाळून घेण्याचा. तिसरा ओळखायची खूण मला आता कळली आहे. त्याच्यानंतर येणारी गोष्ट पुढे घडलेली नसते. ती आधीपासूनच तशी असते, बोलणाऱ्याला आत्ता आठवलेली असते.

'स्टिल'चं दुखणं जागेचं. मुळात या शब्दाचा अर्थ स्थिर, न हललेला. त्यातून 'अजूनही' आला आणि त्यातूनच 'तरीही'. 'बट ही स्टिल कम्स' म्हटलं तर तो अजून येतो की तरीही येतो, दोन्ही संभवतं. 'बट स्टिल ही कम्स' म्हटलं की 'तरीही'कडेच कल जातो. 'बट'ला चिकटून बसलेला शब्द जोडणीचं काम करतो, क्रियापदाला चिकटलेला बहुतेक क्रियेबद्दल बोलतो.

'रादर'ची गोष्ट वेगळीच. जर्मनमध्ये 'पण'ला दोन शब्द आहेत, 'आबर' आणि 'झोंडर्न'. स्पॅनिशमध्येही दोन, 'पेरो' आणि 'सिनो'. पहिला नुसत्या विरोधाचा. दुसरा आधी नकार आल्यावर, 'हे नव्हे, तर ते' म्हणायचं असेल तेव्हाचा. इंग्रजी दोन्ही कामं एकट्या 'बट'वर टाकते, आणि मग दुसरं काम आहे हे स्पष्ट व्हावं म्हणून 'रादर' मदतीला येतो: 'नॉट फिअर बट रादर कॉशन', भीती नव्हे, तर सावधपणा. 'रादर' म्हणजे मूळचं 'अधिक लवकर', त्यावरून 'त्यापेक्षा हे'. असल्या ठिकाणी मराठीत 'पण' लिहिलेलं दिसलं की मला चुकचुकल्यासारखं होतं. आपल्याकडे 'तर' आहे, तो वापरावा.

मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे एक नियम होता: 'बट'नंतर 'स्टिल', 'येट', 'नेव्हरदलेस' आलं की द्विरुक्ती म्हणून लाल रेघ. माझी कितीतरी वाक्यं अशी सपाट झाली. 'बट हाऊएव्हर' खोडा, माझी ना नाही. तिथे दोघं एकच काम करतात, आणि 'हाऊएव्हर' या अर्थी उभयान्वयी नाहीच, तो क्रियाविशेषण आहे. नुसत्या स्वल्पविरामावर त्यानं दोन वाक्यं जोडली जात नाहीत. पण 'नेव्हरदलेस' शब्दातच 'त्यानं काही कमी झालं नाही' हे सांगितलेलं आहे. ते 'बट' एकटा सांगत नाही. मग ती द्विरुक्ती कशी?

'ऑल्दो... बट' ही आपली नेहमीची चूकही इथूनच सुटते. आपल्या कानात 'जरी... तरी' बसलेलं, म्हणून 'ऑल्दो'ची जोडी लावायला हात 'बट'कडे जातो. इंग्रजीला ते चालत नाही, पण 'ऑल्दो... येट' चालतं. कारण 'येट' उभयान्वयी म्हणून वापरतात तसा क्रियाविशेषणही आहे. पडताळा सोपा: 'अँड बट' कुणी म्हणत नाही, 'अँड येट' सर्रास म्हणतात. आपला 'तरी' त्या 'येट'चा सोयरा आहे, 'बट'चा नव्हे. हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती लाल रेघा वाचल्या असत्या!

आणि 'अँड येट' मला या सगळ्यांत जास्त आवडतो. 'अँड' दोन्ही गोष्टी शेजारी बसवतो, कुणालाच मागे सारत नाही, आणि मग 'येट' सांगतो की त्यांचं पटत नाही. 'त्यानं मला फसवलं, आणि तरीही त्याची आठवण येते.' इथे 'पण' घालून बघा. फसवणूक लगेच थोडी मागे सरते.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी वाक्य सुधारून वाचून दाखवलं: 'पण तसं पाहिलं तर मीही तुला कळवलं नव्हतं.' अर्थ बरोबर होता, त्यांचा जीवही भांड्यात पडला. मला मात्र ते कोरडं वाटत राहिलं, कोर्टातल्या कागदासारखं. आठवड्यानं भांडी आवरताना नीट वाक्य सुचलं: 'बाबा आजारी असताना तू आली नाहीस, पण मी तरी तुला कुठे कळवलं होतं!' इंग्रजीनं जे 'बट'ला लागून ठेवलं होतं, ते मराठीत 'पण'च्या शेजारी बसायलाच तयार नव्हतं. ते 'मी'च्या मागे जाऊन बसलं. मी लगेच फोन केला आणि पत्रातली ती ओळ काकूंना बदलून घ्यायला सांगितली.