मागचा हूक बघून ब्रूचचं वय? जरा थांबा

"आजीच्या डब्यातला ब्रूच उलटा करा. मागे इंग्रजी 'सी'सारखा साधा हूक असेल तर तो नक्की १९००च्या आधीचा. लॉक असेल तर नवा, मोडीत काढा. पीन कडेबाहेर आलेली असेल तर कुणीतरी बदललेली." हा मेसेज आमच्या मालवणच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी मावशी खरोखरच लॉकवाला ब्रूच घेऊन सोनाराकडे निघाली, म्हणून हे लिहितोय.

'सी' हुकाचं अर्धंच खरं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सर्रास तोच असायचा. पण तो बंद कधी झालाच नाही. पट्टी वाकवली की झाला हूक, याहून स्वस्त काय असणार? बाजारपेठेतल्या फॅन्सी दुकानात आज घेतलेल्या ब्रूचलाही तो सापडेल.

'लॉक म्हणजे नवा' हे तर साफ चूक. फिरवून बंद होणारं लॉक विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुळलं, म्हणजे तसा ब्रूचही शंभरीचा असू शकतो. त्याहून जुना ट्रॉम्बोन फासा: बारीक नळी बाहेर ओढली की पीन सुटते, आत ढकलली की अडकते. युरोपात तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. मेसेजप्रमाणे हाही मोडीतच जायचा! आपली साधी सेफ्टी पीनसुद्धा १८४९च्या अमेरिकन पेटंटची आहे.

कडेबाहेर येणारी पीन? जुन्या ब्रूचना ती मुद्दाम लांब ठेवत, जाड कापडात पुन्हा खोचता यावी म्हणून. म्हणजे ती उलट जुनेपणाच्याच बाजूची साक्ष.

मेसेजमध्ये डाखाबद्दल, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडाबद्दल, अवाक्षर नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. ब्रूचमध्ये आधी जाते ती पीन आणि हूक. त्यात आपली खारी हवा; लोखंडी पीन किती पावसाळे काढणार? मग सोनार नवी बसवून देतो. अशा वेळी हूक सांगतो ते दुरुस्तीचं वय, ब्रूचचं नव्हे.

मावशीचा ब्रूच खिडकीपाशी भिंगाखाली धरला. लॉकच्या बुडाशी करड्या कथलाचा ओबडधोबड गोळा, भोवती कानशीचे ओरखडे. शेजारी दोन बारीक समांतर रेघा: जुना हूक तिथे होता. दुसऱ्या टोकाची बिजागरी मात्र मूळची, तीन छोट्या नळ्या आणि त्यांतून ओवलेली तार. डाख स्वच्छ, पिवळ्या अंगाशी एकजीव. अशी बिजागरी एकोणिसाव्या शतकात नेहमीची. तिच्यावरूनही साल सांगता येणार नाही, पण लॉकपेक्षा तिचा शब्द जास्त धरायचा.

मावशीला तो गोळा दाखवला. चष्मा वर करून म्हणाली, "ता लॉक माझ्या लग्नाक बसवून घेतलेला रे. मेल्या सोनारान चार दिस लावल्यान!"