दहा जोडण्यांचा गैरसमज

‘विंडोजची डेस्कटॉप आवृत्ती एका वेळी दहाच नेटवर्क जोडण्या करू देते, टीसीपीआयपी डॉट सिस ही नेटवर्क सांभाळणारी फाइल पॅच केली, म्हणजे तिच्यात फेरफार केला, की बंधन सुटते आणि टोरंटचा (अनेकांच्या संगणकांवरून फाइलचे तुकडे उतरवण्याचा) वेग वाढतो,’ हा सल्ला विंडोज एक्सपीच्या काळापासून फिरतो आहे आणि विंडोज १० वापरणाऱ्यांनाही तो आजवर दिला जातो.

दहाचा आकडा खरा आहे, पण तो कशाचा हे सांगितले जात नाही. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने (एक्सपीच्या सुधारणांच्या दुसऱ्या संचाने) घातलेली मर्यादा जुळलेल्या जोडण्यांवर नव्हतीच. आपल्या संगणकाने हाक दिली आहे पण पलीकडून अजून ओ आलेली नाही, अशा अर्धवट जोडण्यांपुरती ती होती. अकरावी हाक नाकारली जात नसे, रांगेत थांबे, आणि इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ४२२६ क्रमांकाची नोंद पडे. ती नोंद पाहून घाबरलेल्यांनी टोरंट चालू असताना नेटस्टॅट ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञाही चालवून पाहायला हवी होती: ‘एस्टॅब्लिश्ड’च्या, म्हणजे जुळलेल्या जोडण्यांच्या, ओळी दहाच्या कितीतरी पुढे गेलेल्या दिसल्या असत्या.

वेगाबाबत एक गोष्ट मान्य करावी लागते. उत्तर न देणाऱ्या पत्त्यासाठी एक्सपी सुमारे २१ सेकंद थांबत असे, त्यामुळे यादीत बंद पडलेले पीअर (टोरंटमधले पलीकडचे संगणक) पुष्कळ असले की रांग तुंबे आणि सुरुवात रखडे. जोडण्या एकदा जुळल्या की मात्र या मर्यादेचा वेगाशी संबंध उरत नसे.

‘महागड्या सर्व्हर आवृत्त्या खपवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने केलेली ही चलाखी’ हा आरोपही ऐकू येतो; तो दुसऱ्याच मर्यादेवरून आला असावा. फाइल शेअरिंगसाठी बाहेरून येणाऱ्या जोडण्या एक्सपी प्रोफेशनलवर १० आणि होमवर ५ होत्या, आणि ती अट खरोखरच परवान्याची होती. अर्धवट जोडण्यांना लगाम घातला तो २००३ च्या ब्लास्टर आणि २००४ च्या सॅसरसारख्या, भराभर पत्ते चाचपत आपोआप पसरणाऱ्या वर्मचा (घातक प्रोग्रामचा) वेग मंदावावा म्हणून.

राहिला आजचा प्रश्न. व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक २ पासून आणि विंडोज ७ मध्ये अर्धवट जोडण्यांची ही मर्यादा मुळातच बंद ठेवलेली आहे. शिवाय टीसीपीआयपी डॉट सिस हा ड्रायव्हर आहे; पॅच केला की त्यावरची मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही मोडते, आणि ६४-बिट विंडोज सही मोडलेला ड्रायव्हर सहसा चढवतच नाही. म्हणजे पॅचने सुटायला बंधन तर नाहीच, उलट संगणक सुरूच न होण्याची भीती मात्र आहे.