मध नेऊ का?

प्रत्येक गोतावळ्यात सरकारी कागद वाचणारा एक माणूस असतो. बाकीच्यांनी कागद वाचायचा नसतो, त्याला फोन करायचा असतो. आमच्यात तो माणूस मी. माझ्याहून शिकलेले पुष्कळ आहेत. पण तळटीप दिसली की ती न वाचता पुढं जाणं मला जमत नाही, आणि ही खोड एकदा नातेवाइकांच्या लक्षात आली की सुटका नाही. पासपोर्ट, विमा, वारसाहक्क हे सगळं मी निभावून नेतो. घाम फोडतो तो एकच प्रश्न : "मध नेऊ का?"

विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. मी विचारतो, "कुठं?" इथंच समोरचा वैतागतो. "अरे, मध आहे, बॉम्ब नाही!" आता काय सांगायचं? बॉम्बचं उत्तर जगभर एकच आहे. मधाचं नाही.

भाचा निघाला होता न्यूझीलंडला. तिथलं उत्तर त्यातल्या त्यात सोपं. पॅसिफिकमधली काही मोजकी बेटं सोडली, तर बाहेरचा मध त्या देशात येत नाही. पिशवीतून नाही आणि जहाजातूनही नाही. हाच देश स्वतःचा मानुका मध मात्र जगभर चढ्या भावानं विकतो. "हा कुठला न्याय?" भाच्यानं मला विचारलं, जणू कायदा मीच केला होता. न सांगता नेलास आणि सापडलास तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, हे ऐकल्यावर त्याची न्यायाची भूक आपोआप शमली.

मावसभावाचं प्रकरण नाजूक होतं. तो ऑस्ट्रेलियातच राहतो आणि सिडनीहून पर्थला चालला होता. देश तोच, चलन तेच, पासपोर्टही लागत नाही. पण पर्थ ज्यात आहे ते पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य आपल्याच देशातल्या दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या प्रवाशाला मध आणू देत नाही. वरोआ नावाचा मधमाश्यांचा परोपजीवी कोळी २०२२ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात सापडल्यापासून तर तिकडून येणारा प्रत्येक जण संशयित. मावसभावाला वाटलं मी त्याची थट्टा करतोय. आमच्यात आधीच थोडं वाकडं होतं, ते आणखी वाकडं झालं.

त्या मानानं युरोप उदार. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःपुरता माणशी २ किलोपर्यंत मध नेता येतो. ही शुभवार्ता मी आत्याला कळवली आणि खोडीप्रमाणे पुढचं वाक्यही वाचून दाखवलं : २ किलोंच्या याच सवलतीत जिवंत कालवं, जिवंत शिंपले आणि गोगलगायी येतात. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझ्या मधाला गोगलगायीच्या पंक्तीला कोणी बसवलं?" नियमांच्या दृष्टीनं मध हा प्राणिजन्य पदार्थ आहे आणि मधमाशी हा प्राणी आहे, हे तिला पटायला वेळ लागला. पंक्तीचा राग अजून गेलेला नाही.

(बरणी हातातल्या बॅगेत असेल तर पुष्कळ विमानतळांवर १०० मिलिलिटरचा नियम वेगळाच. मध गोठून दगड झालाय, बरणी उलटी केली तरी पडत नाही, हे प्रात्यक्षिक करून दाखवलं तरी सुरक्षा तपासणीत तो द्रव आणि लेप यांच्याच जातीत धरतात.)

या सगळ्या फोनांमध्ये एक वाक्य मात्र प्रत्येकाच्या तोंडी असतं. "मीच खाणार आहे ना? मला काही झालं तर माझं मी बघून घेईन." बाणेदार वाक्य आहे. पण त्यानं कुठलाही कस्टम्स अधिकारी विरघळल्याचं माझ्या ऐकिवात नाही, कारण मुळात त्याला तुमची काळजीच नसते. त्याला काळजी असते अळ्यांची.

'अमेरिकन फाउलब्रूड' म्हणून मधमाश्यांच्या पिल्लांचा एक रोग आहे. त्याचा जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे सुप्त, चिवट कणांच्या रूपात मधात निवांत पडून राहतो, दशकानुदशकं. माणसाला त्यापासून काही होत नाही. मोठ्या माशीलाही नाही. पण एका दिवसाच्या अळीच्या पोटात असे दहाएक बीजाणू गेले तरी पुरे. ती मरते आणि मरताना अब्जावधी नवे बीजाणू मागं ठेवते. पेटीत रोग पसरला की अनेक देशांत ती पेटी माश्यांसकट जाळतात. आता तुमची बरणी. ती तुम्ही चाटूनपुसून संपवलीत असं तुम्हाला वाटतं. मधमाशीला तसं वाटत नाही. कचऱ्यात पडलेल्या बरणीवर ती येते, उरलेलं गोळा करते आणि घरी नेऊन लेकरांना भरवते. म्हणजे 'मानवी सेवनासाठी' असं मथळ्यात लिहिलेल्या नियमावलीत मानव हा केवळ वाहतुकीचं साधन आहे. मला हे कळलं त्या दिवशी थोडं अपमानित वाटलं होतं. माणसाच्या पिल्लाची आठवण मधाच्या बाबतीत एकाच ठिकाणी ठळकपणे निघते : एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. बाकी लक्ष सगळं अळ्यांकडे.

"मग उकळून नेला तर?" हा वहिनीचा प्रश्न. वहिनी प्रत्येक समस्येवर पाणी किंवा आग यांपैकी एक उपाय सुचवते. पण फाउलब्रूडचे बीजाणू घरगुती उकळीला दाद देत नाहीत. आणि मध तापवला की त्यात हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचं रसायन वाढतं, ज्याच्या उच्चारानंच निम्मे लोक मध सोडतील. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-नियमावलीच्या मानकात त्याची कमाल मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. थोडक्यात, उकळलात तर बीजाणू जिवंत आणि मध नापास.

पिशवीपुरता प्रश्न असेपर्यंत मी तग धरून होतो. मग मेहुण्याच्या डोक्यात आलं की मध आयातच करावा, पिंपांनी. "लोक घेतातच की. आपण फक्त मागवायचा आणि विकायचा." त्याच्या वाक्यातल्या 'आपण'चा अर्थ मी असा होतो.

मेहुण्याला वाटत होतं, मध चांगला असला की झालं. पण युरोपात मागवायचा तर मध चांगला असून भागत नाही, त्याचा देश चांगल्यांच्या यादीत असावा लागतो. औषधांच्या अंशांवर देखरेख ठेवणारी मान्य योजना असलेल्या देशांची ती यादी. २००२ मध्ये चिनी मधात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक सापडल्यावर युरोपनं तो बंद केला. २०१० मध्ये अशाच कारणांवरून भारतीय मधाला काही काळ दार लागलं. यादीत देश, मग यादीत कारखाना, मग पशुवैद्यकाच्या किंवा तशाच सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र. "मधाला पशुवैद्य?" मेहुणा म्हणाला. मी त्याला आत्याकडे पाठवलं.

पुढं सीमेवर माल आणि कागद जुळतात का ते बघतात, हवं तर नमुना काढतात. कारण मधाइतकी सोंगं दुसरा पदार्थ क्वचितच घेत असेल. अमेरिकेनं २००१ मध्ये चिनी मधावर जबर शुल्क लावलं, तेव्हा तोच मध तिसऱ्याच देशाचं लेबल लावून येऊ लागला. परागकण बघून मध कुठल्या मुलखातला ते ओळखता येतं, म्हणून परागकणच गाळून टाकायची युक्ती निघाली. युरोपीय संघानं २०२१-२२ मध्ये आयात मधाचे ३२० नमुने तपासले, त्यांतले १४७ साखरेच्या पाकाच्या संशयात अडकले.

परागकणांवरून तर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. जनुकीय बदल केलेल्या मक्याचे पराग एका जर्मन मधपाळाच्या मधात आले आणि प्रश्न पडला : हे पराग मधात कोणी घातलेत, की ते मधात असतातच? २०११ मध्ये न्यायालयानं ठरवलं, घातलेत असंच समजा. मग २०१४ मध्ये कायदा बदलून ठरलं, नाही, ते असतातच. तीन वर्षं मोठमोठी माणसं ज्यावर डोकं खाजवत बसली, ते माशीला कोणी विचारलं नाही.

मेहुण्यानं हे सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, सुटलो.

"बरं, मध राहू दे," तो म्हणाला. "मेण मागवू. मेण कोण खातंय?"

मी कस्टम्सची शुल्कसूची उघडली. नैसर्गिक मध दूध आणि अंड्यांच्या प्रकरणात, क्रमांक ०४०९. कृत्रिम मध साखरेच्या प्रकरणात, १७०२. मधमाशीचं मेण १५२१. आणि त्याच ओळीत, त्याच्या शेजारी, स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणारं मेण.

"व्हेल?" मेहुणा म्हणाला. "कुठला व्हेल? आपल्याला मेणबत्त्या करायच्यात रे."

"प्रक्रिया केलेलं हवंय की कच्चं?" मी विचारलं. "कारण खाली एक तळटीप आहे."