गोंदलेल्या बाईची पोस्ट व्हायरल कशी करावी

काल ग्रुपवर पुन्हा गोंदलेल्या बाईचा तोच फोटो, तोच मजकूर: बिचारीला पळवून नेऊन जबरदस्तीने गोंदलं म्हणे! वर 'नक्की वाचा'. म्हटलं, आता कृतीच लिहून देऊ.

शंभरेक वर्षांपूर्वीच्या, गळ्यापर्यंत गोंदलेल्या अमेरिकन मॉड वॅगनरचा फोटो घ्या. खाली 'जगातली पहिली महिला टॅटू आर्टिस्ट' असं ठोकून द्या. आपल्या पणजीच्या कपाळावर कुठल्या बाईने गोंदलं होतं, असं कुणी विचारलंच तर त्याला ग्रुपमधून काढा.

साल लिहू नका.

'बिचारी' हा शब्द हवाच. अशीच अंगभर गोंदलेली बेटी ब्रॉडबेंट 1939 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सौंदर्यस्पर्धेत उतरली होती, ते गाळा.

आता खरा मसाला: अपहरण. गोंदलेली नोरा हिल्डब्रँट 1882 साली न्यूयॉर्कमध्ये बनेलच्या म्युझियममध्ये, म्हणजे तिकीट काढून नवलाई बघायच्या ठिकाणी, उभी राहिली. अंगावर म्हणे 365 चित्रं. सू या मूलनिवासी जमातीचा पुढारी सिटिंग बुल, त्याच्या लोकांनी धमकावून तिच्या बापाकडूनच ती गोंदवून घेतली, दिवसाला एक! ही थाप जशीच्या तशी चिकटवा. तिला गोंदणारा मार्टिन हिल्डब्रँट न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटून बसला होता, हे लिहिलंत तर लाइक कोण देणार? आयरीन वुडवर्ड ही दुसरी गोंदलेली बाई त्याच वर्षी अशीच कथा घेऊन आली. लहानपणी खरोखर पळवून नेलेल्या आणि मोहावे या मूलनिवासी लोकांकडून हनुवटी गोंदून 1856 साली परतलेल्या ऑलिव्ह ओटमनची हकीकत खरी होती, म्हणून या थापा खपल्या. आणि मेहनतीचं काय? ओरायलीच्या गोंदायच्या विजेच्या यंत्राला पेटंट मिळालं 1891 साली. म्हणजे नोराच्या अंगावरचा ठिपका न् ठिपका हाताने टोचलेला. सुई वरच्यावर राहिली तर शाई खपलीबरोबर निघून जाते, फार खोल गेली तर रेघ पसरते. एक भाग भरला की दुसरा, असं सगळं अंग. मग लोकांसमोर तासन्‌तास उभं राहायचं, वर स्वतःचे फोटो विकायचे. हा धंदा होता हो, धंदा! मॉड तर मुळात सर्कशीत कसरती करायची. 1904 साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात गस वॅगनर हा गोंदणारा तिच्या मागे लागला, तेव्हा त्याच्यासोबत फिरायला जायच्या बदल्यात तिने त्याच्याकडून गोंदणं शिकून घेतलं.

बाईने पोटासाठी आपणहून अंग गोंदवून घेतलं, हे पचत नाही का तुम्हाला? म्युझियमच्या दारावर ओरडून गिऱ्हाईक बोलावणाऱ्याला निदान तिकिटं खपवायची होती. तुम्हाला काय खपवायचंय? फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं शोधा. तेवढंही होत नसेल तर फोटोतली बाई मॉड आहे की नोरा, एवढं तरी बघा.