गुरुजींची पेन्शन आणि माझं झेरॉक्सचं दुकान

परवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं, "निवृत्त मास्तरांना घरबसल्या पन्नास-पन्नास हजार. आणि काम काय? शाली पांघरणं." खाली पटापट अंगठे पडले. त्यातला एक माझा होता. रात्री तो काढून टाकला. का काढला ते लिहितोय, जरा लांबेल.

माझं दुकान पंचायत समितीच्या रस्त्याला. झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळे ऑनलाइन फॉर्म. गाव माणदेशातलं, नाव कशाला पाहिजे. गावात निवृत्त शिक्षकांचा एक संघ आहे. सभासद साठ-पासष्ट, मीटिंगला येणारे पंधरा-वीस, काम करणारे सहा-सात. कुठलंही मंडळ घ्या, हिशोब हाच निघतो.

त्यांची बाजू घ्यायच्या आधी माझ्या तक्रारी सांगतो, नाहीतर म्हणाल चहा पाजलेला दिसतोय.

शालीची गोष्ट खरी आहे. पाच सप्टेंबर, तीन जानेवारी, शिवाय कुणाची पंचाहत्तरी, कुणाचा नातू डॉक्टर झाला. दरवेळी शाल, श्रीफळ आणि तासभराचं "दोन शब्द". एकच शाल तीन सत्कारांतून फिरून मूळ मालकाकडं परत आलेली मी स्वतः पाहिली आहे, कारण घडीत माझ्याच दुकानाची पावती अडकलेली होती. दुसरं म्हणजे प्राथमिकचे ते "गुरुजी" आणि हायस्कूलचे ते "सर", ही रेघ निवृत्तीनंतरही पुसत नाही. खुर्च्या मांडतानासुद्धा दोन बाजू होतात. नोकरीत असताना पतसंस्थेच्या निवडणुकीत जो ज्या पॅनेलला होता, तो अजून त्याच पॅनेलला आहे.

आणि शुद्धलेखन! गेल्या गणपतीत मी दुकानाचा बॅनर लावला. सकाळी शटर उघडायच्या आत एक गुरुजी काठी टेकून उभे. "शुभेच्छुक. छु पहिला. आणि आशीर्वादातला शी दुसरा." मी म्हटलं, गुरुजी, आता फ्लेक्स छापून झालाय. तर म्हणाले, "माझ्याच वर्गात होतास ना, म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या वर्गातला असतास तर हसून गेलो असतो."

आता त्यांच्या कामाचं.

आमच्याकडची निम्मी तरुण घरं गलाईच्या धंद्यात परमुलखात. सोनं-चांदी आटवायची दुकानं, कुणाचं कोईमतूरला, कुणाचं कानपूरला. पोरं लहान असली तर आजी-आजोबांकडं गावात. मग शाळेचा, शिष्यवृत्तीचा, नवोदयचा कुठलाही फॉर्म आला की आजी पिशवी घेऊन दुकानात. पिशवीत रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळं, पाहिजे तो कागद सोडून.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये अशीच एक आजी आली. नातवाच्या आधारवर बापाचं नाव एक, शाळेत दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. मी हात वर केले. तेवढ्यात आमच्या चौथीच्या बाई पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. त्यांनी पिशवी काउंटरवर ओतली, चष्मा लावला, एकेक कागद इस्त्री केल्यासारखा हातानं सपाट केला. म्हणाल्या, "याच्या बापाचं नाव मीच घातलंय पहिलीला. घरात बाळू म्हणायचे, मी पटावर बाळासाहेब लिहिलं. चूक माझ्यापासून सुरू झाली." त्याच दुपारी उन्हात शाळेत गेल्या, जनरल रजिस्टरमधला उतारा मागून आणला. फॉर्म चौथ्या दिवशी भरला. बाईंनी रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत, मी मात्र माझे पन्नास घेतले. हेही लिहून टाकतो.

त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, की या लोकांकडं असलेली माहिती कुठल्याच पोर्टलवर नाही. कुणाचा बाप कधी गेला, कुणाची आई माहेरी निघून गेली, कोण चुलत्याकडं वाढतंय. तीस-पस्तीस वर्षं हजेरी घेतलेली माणसं आहेत ही. गाव त्यांना रोल नंबरसकट पाठ आहे.

बालसंगोपन योजना बऱ्याच जणांना माहीत नसते. बाप किंवा आई गेलेल्या, निराधार मुलांसाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांचं होईपर्यंत. पण कागद किती! मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटो. नवरा जाऊन वर्ष न झालेल्या बाईनं हे कधी जमवायचं? संघातल्या तिघांनी वाडीवस्तीवर फिरून अशा घरांची यादी केली. शंभर पानी वही, लाल शाईनं समास आखलेला, पुढं मुलाचं नाव, इयत्ता, काय कमी आहे. वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये असते. किती प्रकरणं मंजूर झाली ते सांगत नाही, कारण काही अजून फायलीतच पडलीत आणि एक गुरुजी दर सोमवारी जिल्ह्याला फोन लावून त्याच नम्रपणे विचारतात. मी असतो तर तिसऱ्या सोमवारी शिवी दिली असती.

नोव्हेंबर महिना तर बघण्यासारखा. हयातीचे दाखले, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून माणूस जिवंत असल्याचा दाखला. पूर्वी मशीनवर अंगठा द्यायचा, आणि म्हाताऱ्या माणसांचा अंगठा उठत नाही. रेघाच राहिलेल्या नसतात. एक सर मशीनला म्हणाले होते, "अरे, खडूनं झिजलाय, जिवंतपणावर संशय घेऊ नको." २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. संघातल्या दोघांनी ते ॲप शिकून घेतलं. एक ७१ वर्षांचे, एक ६८. फोन घेऊन ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. उजेड पाहिजे म्हणून खाट दारापर्यंत ओढतात आणि म्हणतात, "हं, डोळे मिचकाव." नव्वदीचा म्हातारा डोळे मिटतो तो उघडतच नाही, घरचे घाबरतात, मग सगळे हसतात. यात स्वतःच्या संघाचे किती आणि बाहेरचे किती? निम्म्याहून जास्त बाहेरचे. कुणी एसटीतून निवृत्त झालेला, कुणी सैनिकाची विधवा.

सगळंच जमलं असं नाही. संध्याकाळची अभ्यासिका काढली होती, दोन महिन्यांत बंद पडली. पाढे पाठ करून घ्यायला गेले, पोरं पळाली. एका सरांनी सवयीनं कान धरला आणि आईबाप भांडायला आले. शाळेतल्या नव्या शिक्षकांनाही ते रुचलं नाही, त्यांचंही चूक नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरात रोज सासूबाई येऊन मीठ चाखायला लागल्या तर?

आता ज्या कारणानं मी अंगठा काढला तिथं येतो.

हा संघ निघाला तो समाजसेवेसाठी नाही. पेन्शन वेळेवर होईना म्हणून निघाला. एक तारीख जायची, दहा जायची, कार्यालयात उत्तर ठरलेलं, "अनुदान आलं नाही." मग कुणी तरी रोज जाऊन बसायला पाहिजे म्हणून बसायला लागले. बसता बसता शेजारच्या रांगेतल्या म्हातारीचा अर्ज लिहून दिला, मग दुसरीचा. असं वाढत गेलं. त्यांच्यातले सगळ्यात वयस्क गुरुजी अजून १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपाची गोष्ट सांगतात. पगार बंद, घरात धाकटं पोर, सासऱ्यानं न सांगता ज्वारीचं पोतं पाठवलं. आम्ही ती गोष्ट पन्नास वेळा ऐकली आहे, पण पोत्यापाशी आले की अजून थांबतात.

ग्रुपवर ज्यानं लिहिलं त्याचा राग मला कळतो. त्याच्या बापानं आयुष्यभर कांदा केला आणि आता श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळावेत म्हणून वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मागत फिरतोय. त्याला शेजारची पेन्शन टोचणारच. विनाअनुदानित शाळेवर जन्म घालवून रिकाम्या हातानं घरी गेलेले मास्तरही याच गावात आहेत. राग खोटा नाही, त्याचा पत्ता चुकलाय. बापाला पंधराशे का, हे विचारायचं सोडून शेजाऱ्याला पन्नास हजार का, असं विचारलं जातंय. आणि श्रावणबाळचा तो अर्ज, तुला सांगतो मित्रा, याच वहीवाल्या गुरुजींनी लिहिलाय. तुला माहीत नसेल, तुझ्या वडिलांना विचार.

दुपारी अडीच वाजता एखादा माणूस दुसऱ्याच्या पोराच्या दाखल्यासाठी तहसीलच्या बाकावर बसू शकतो, कारण त्याला संध्याकाळच्या भाजीची चिंता नसते. गावाची ही फुकटची चाकरी त्या पेन्शनवर उभी आहे. दानत हवीच, दानत असलेली माणसं मजुरांतही आहेत, पण त्यांना दुपार मोकळी नसते.

सरकारलाही मोकळ्या दुपारीचा वास लागतो. जुलै २०२३ मध्ये आदेश निघाला, जिल्हा परिषदेच्या शाळांत जागा रिकाम्या आहेत, तर भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षक घ्या, महिना २० हजार, वय सत्तरीपर्यंत. संघाची त्या दिवशीची मीटिंग माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत ऐकू येत होती. काही म्हणाले पोरांचं नुकसान होतंय, जाऊ. काही म्हणाले आपण गेलो तर भरती आणखी लांबेल. त्याच वेळी माझ्या काउंटरला गल्लीतला एक पोरगा उभा होता. डीएड होऊन किती वर्षं झाली ते तोच विसरलाय. शिक्षक भरतीचे त्याचे सगळे फॉर्म, टीईटीचे, अभियोग्यता चाचणीचे, पवित्र पोर्टलचे, मीच भरले. आत येणाऱ्या गुरुजींना तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच शिकवलं मास्तर हो म्हणून." गुरुजी झेरॉक्स न काढताच गेले.

एकानं ती नेमणूक घेतली, बाकीच्यांनी नाही. ज्यांनी नाही घेतली त्यातले दोघं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. माझं मत विचाराल तर घ्यायला नको होती. वर्गात कायमचा मास्तर पाहिजे, त्याची जागा संघानं भरून काढली की वरच्यांना ती रिकामी दिसतच नाही. पण ज्यानं घेतली त्याच्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला काही म्हणत नाही.

आणि पुढं काय? १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं जे नोकरीला लागले त्यांतल्या बहुतेकांना जुनी पेन्शन, म्हणजे आयुष्यभर मिळणारी ठरलेली पेन्शन, नाही. त्यातले कित्येक आधी शिक्षणसेवक म्हणून तीन-तीन वर्षं महिना तीन हजारांवर राबलेले. मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप झाला, "एकच मिशन, जुनी पेन्शन"च्या टोप्या गावात अजून उन्हाला वापरतात. २०२४ मध्ये सुधारित योजनेचे पर्याय आले, त्यातलं कुणाला काय लागू होतं हे समजून घ्यायला अर्धी पंचायत समिती माझ्या प्रिंटरभोवती असते. उशिरा नोकरी लागलेले या पिढीतले लोक आता निवृत्त व्हायला लागलेत.

मे महिन्याच्या ३१ तारखेला आमच्याकडं मास्तर घाऊक निवृत्त होतात. जुन्या गुरुजींनी ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याला १ जून लिहिली, त्यातलीच पोरं पुढं मास्तर झाली. यंदाही तालुक्यात झाले. त्यातले एक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात आले, हातात हिशोबाचा कागद. दोन प्रती मागितल्या. महिन्याला किती बसणार तो आकडा मी वाचला, इथं लिहीत नाही, त्यांची मुलगी ही पोस्ट वाचेल. तेवढ्यात वहीवाले गुरुजी आत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटलास एकदाचा. आता संघात ये, वर्षाला दोनशे रुपये फी. वाडीवरची यादी तुझ्याकडं देतो, माझे गुडघे गेले."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"येतो की गुरुजी. पण संध्याकाळी नाही जमायचं. एका क्लासवर लागलोय, चार ते आठ."

"आणि सकाळी?"

"सकाळी दुसऱ्या क्लासवर."

गुरुजींनी ड्रॉवरमधली वही मागितली, दोन पानं चाळली आणि परत माझ्याकडं दिली.