इंटरल्यूकिन-४ वाला फॉरवर्ड अर्धवट आहे

ग्रुपांवर फिरतंय की 'इंटरल्यूकिन-४ वाढवलं की सगळे परजीवी मरतात, उंदरांवर सिद्ध झालंय', खाली पावडरची जाहिरात. इंटरल्यूकिन-४ म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ते एक प्रथिन. मेसेज अर्धाच खरा आहे. आतड्यातले ट्रायक्युरिस जंत बाहेर काढायला उंदराला ते लागतं, पण लेशमॅनिया मेजर हा एकपेशीय परजीवी शरीराच्या पेशीच्या आत लपतो, तिथे नेमकं उलटं होतं, बाल्ब-सी जातीचे उंदीर इंटरल्यूकिन-४ जास्त बनवतात आणि त्यांच्या पायावरची जखम चिघळतच जाते, सी५७ब्लॅक-६ वाले इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं संदेश-प्रथिन बनवतात नि बरे होतात. बाल्ब-सीला सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ अडवणारी अँटीबॉडी दिली तर तेही बरे झाले! १९९० च्या आसपासचे हे प्रयोग इम्युनॉलॉजीच्या टेक्स्टबुकात सापडतात. माणसाचं गणित तर एवढंही सरळ नाही. पावडर यात आली कुठून? तो मेसेज पुढे ढकलू नका प्लीज, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.