मावशीचा फॉरवर्ड आणि माझी फाइल

परवा सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. पाठवणारी माझी धाकटी मावशी. वर लाल दिव्यांची रांग, खाली 'दत्तक घेणाऱ्यांनो, सावधान!' मजकूर थोडक्यात असा: अनाथाश्रमातून आणलेलं मूल मोठं झालं की 'खऱ्या' आईबापांना शोधतं आणि सांभाळणाऱ्यांना सोडून जातं, कारण रक्त रक्ताला ओढतं. आता तर कायद्यानेच आश्रमाला जन्मदात्यांचं नावगाव द्यावं लागतं, आणि ते मूल परतही मागू शकतात. डीएनए टेस्ट केली की आठवड्यात पत्ता लागतो. म्हणून मुलाला दत्तक असल्याचं सांगूच नका. आणि ज्यांनी कचराकुंडीत टाकलं त्यांना शोधायचं कशाला? शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

गंमत अशी की मी दत्तक आहे. 1986 साली माझ्या बारशाला पाळण्याची दोरी याच मावशीने ओढली होती, फोटो आहे. तिच्या हे ध्यानातच राहिलेलं नाही. मला आधी हसू आलं. या फॉरवर्डमागच्या 'दत्तक मूल कधी आपलं होत नाही' या समजुतीला मावशीच्या विसरण्याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही. पण दुपारी तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणींच्या. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं. मी हा शोध घेतलेला आहे, त्यामुळे मला थोडंफार बोलायचा हक्क आहे.

'जन्मदाते मूल परत मागू शकतात.' नाही. हे सगळ्यात सोपं, म्हणून आधी उरकते. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा 1956 चा. रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दत्तक आईबापांना ते मोडता येत नाही, आणि मुलालाही ते नाकारून जन्माच्या घरी परतता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यातही तेच: दत्तकाचा आदेश निघाला की मूल कायद्याने नव्या आईबापांचं, जन्मघराशी असलेले सगळे संबंध तुटले. आई स्वतः मूल संस्थेच्या स्वाधीन करते तेव्हा तिला फेरविचाराला 60 दिवस असतात. त्या मुदतीत तिने मूल परत नेलं तर ते दत्तकाला मोकळं होतच नाही. म्हणजे ज्याची भीती घालताय ते होऊ शकतं ते मूल तुमच्या घरी येण्याआधी, नंतर नाही. जन्मघराच्या जमिनीतल्या वाट्याचंही तसंच. दत्तकाच्या आधीच मुलाच्या नावावर आलेलं काही असेल तर ते त्याचंच राहतं, बाकी त्याचा वाटा दत्तक घरात, आणि तोही पोटच्या मुलाइतकाच.

'आश्रमाला नावगाव द्यावंच लागतं.' हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोळ होतो. 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरण, यांच्या नियमांत मुळांचा शोध घेण्याचा हक्क आहे. 18 वर्षं पूर्ण झाली की दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी करायचा तर दत्तक आईबापांसोबत. पण त्याच नियमांत पुढे असंही आहे की या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणावर घाला येता कामा नये. आईने मूल देताना नाव गुप्त ठेवा म्हटलं असेल, तर तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं तुम्हाला सांगतात. आणि तुमच्या वतीने तिऱ्हाइताने शोध घ्यायला परवानगी नाही. टीव्हीवर दिसतो तसला, कॅमेरा घेऊन दारात उभं राहण्याचा प्रकार नियमात बसत नाही. बरंच आहे ते.

हे नियम येण्याआधीची गोष्ट वेगळी होती. पुण्यात 1973 साली जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या एका मुलाला स्वतःची फाइल बघायला मिळावी म्हणून इथल्या कोर्टात वर्षानुवर्षं झगडावं लागलं. 2010 साली दत्तकांतल्या गैरव्यवहारांवरून पुण्यातल्याच एका संस्थेवर सीबीआयने गुन्हा नोंदवला होता. संस्थांनी कागद दाबल्याच्या तक्रारी उगाच नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र भीती उलटीच: कागद दिले जातील याची!

आता 'कचराकुंडीत टाकलं'. इथे मला माझ्या फाइलचं पान दाखवावं लागेल.

फाइल म्हणजे खरं तर रजिस्टर. लांब, जाड पुठ्ठ्याचं, वाण्याच्या खतावणीसारखं. समाजसेविकाबाईंनी ते माझ्यासमोर उघडलं आणि बाकीच्या मुलांच्या नोंदी दिसू नयेत म्हणून वरखाली दोन कोरे कागद ठेवले. मधे चार ओळींची फट. निळ्या शाईत, टाकाने लिहिल्यासारखं वळणदार अक्षर: 'मुलगी. वय 9 दिवस. वजन 2 किलो 100 ग्रॅम. सोबत एक दुपटे, एक झबले, काळा दोरा.' आणि शेवटची ओळ: 'आईने 8 दिवस अंगावर पाजले आहे.'

ती ओळ लिहायची नोंद करणाऱ्या बाईंना काही गरज नव्हती. कदाचित बाटलीचं दूध बाळाला सोसेल की नाही, एवढ्यासाठीच लिहिली असेल. मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही. पण टाकून द्यायच्या मुलीला आठ दिवस कोण पाजतं, आणि काळा दोरा कोण बांधतं?

रस्त्यावर, देवळात, स्टँडवर सोडलेली मुलं असतात, ते नाकारत नाही. त्यांच्या फाइलीत आईच्या नावाऐवजी पोलिसांचा पंचनामा असतो, वर्तमानपत्रातल्या फोटोसह जाहिरातीचं कात्रण असतं, आणि जन्मतारीख असते डॉक्टरांनी अंदाजाने घातलेली. अशांपैकी एकीने मला सांगितलं होतं, 'माझा वाढदिवस म्हणजे डॉक्टरांचं मत आहे.' पण मूल मरू नये म्हणून ते कुठेतरी नेऊन देणाऱ्या बायका आपल्याकडे फार जुन्या आहेत. त्यांच्याचसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपूरचा बालकाश्रम 1875 पासूनचा. आणि आजही काही संस्थांच्या दाराशी पाळणा टांगलेला असतो, कुणाला काही न विचारता मूल ठेवून जाता यावं म्हणून. कचराकुंडी टाळता यावी यासाठीच तर तो पाळणा.

फुल्यांचं नाव निघालंच आहे तर 'रक्त रक्ताला ओढतं' हेही बघू. त्या गृहात जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी 1874 साली दत्तक घेतला, तो यशवंत. 1890 साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, धरायचा हक्क नाही म्हणून वाद घालायला उभे राहिले ते रक्ताचे भाऊबंद. शेवटी सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. सात वर्षांनी प्लेग आला. डॉक्टर झालेला यशवंत रुग्णांवर उपचार करत होता आणि सावित्रीबाई त्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्या गेल्या. रक्ताने कुणाला कुठे ओढलं ते ज्याने त्याने बघावं.

माझंही सांगते. संस्थेमार्फत चौकशी झाली तेव्हा कळलं की आई 2011 सालीच गेली. मला देऊन तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, दोन मुलगे झाले, आणि त्या घरात कुणाला काही माहीत नाही. माहीत होतं ते फक्त तिच्या भावाला, कारण मला संस्थेत आणून सोडणारा तोच. समाजसेविकाबाईंनी त्याला एकट्याला गाठून विचारलं. त्याने चार महिने घेतले आणि मग भेटायला हो म्हणाला.

आम्ही तालुक्याच्या एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये भेटलो. तो माझ्या आधी तासभर येऊन बसला होता. टोपी काढून मांडीवर, पायाशी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. मला 'मॅडम' म्हणायला लागला. शिक्षण किती झालं, मिस्टर काय करतात, मुलं किती, असं एकेक विचारत गेला, जसं स्थळ बघायला आलाय. चहा बशीत ओतला आणि तो गार होईपर्यंत प्यायलाच नाही. मी त्याला 'काका' म्हणत होते, अनोळखी माणसाला म्हणतो तसं. ओढ, टाहो, पान्हा असलं काहीही झालं नाही. दोघांनाही अवघडल्यासारखं होत होतं. दीड तासाने माझी गाडी लागली, त्याने पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, 'काका न्हाई. मामा.'

त्यानंतर वर्षातून दोनदा फोन होतो. दिवाळीला आणि कधी पाऊस फार झाला की. त्या दोन भावांना मी भेटलेले नाही, भेटणारही नाही. आईने जे आयुष्यभर झाकलं ते मी कोण उघडणार? नियम असता-नसता तरी हेच केलं असतं. पण हे सगळ्यांना जमेल असं नाही. ज्यांना जमत नाही त्यांना मी वाईट म्हणणार नाही.

आणि 'सांभाळणाऱ्यांना सोडून जातात' याचं काय, तर त्या दिवशी स्टँडवर मला सोडायला माझे बाबा आले होते. 74 वर्षांचे. आत आले नाहीत. बाहेर रसवंतीवर बसून राहिले आणि परतीच्या वाटेत सगळ्या शेंगा त्यांनीच फस्त केल्या.

मग शोधायचं कशाला, हा प्रश्न उरतो. ज्यांना घरच्यांचं सगळं आयतं माहीत असतं त्यांनाच तो पडतो. पस्तिशीपर्यंत प्रत्येक डॉक्टरने मला विचारलं, 'घरात कुणाला शुगर, बीपी?' दर वेळी मी म्हणायची, माहीत नाही. मग डॉक्टर कागदावर एक आडवी रेघ मारायचे. मामाने सांगितलं की आईला शुगर होती, किडन्या त्यानेच गेल्या, आणि आजीचंही तेच झालं. तेव्हापासून मी दर वर्षी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करते. मागच्या वर्षी आकडा काठावर आला. भात कमी केलाय, चालायला जाते. सगळे एवढ्यासाठीच शोधतात असं नाही. कुणाला नाव हवं असतं, कुणाला गाव, कुणाला नुसता फोटो. काहींना काहीच नको असतं. माझ्या ओळखीत अशीही दोघं आहेत आणि ती मजेत आहेत.

डीएनएचं थोडक्यात. टेस्ट कुणाचा पत्ता सांगत नाही. ज्यांनी आपली थुंकी त्याच कंपनीला दिलीय त्यांच्याशी तुमचं किती जुळतं, एवढंच सांगते. एकाच आईची पण वेगळ्या वडिलांची भावंडं असतील तर साधारण 25 टक्के जुळतं, सख्ख्या चुलत-मामेभावंडांशी साडेबारा, आणि दोघांचा सामाईक पूर्वज पणजोबांच्याही मागचा असेल तर एखादा टक्कासुद्धा नाही. परदेशात अशा टेस्ट लाखोंनी झाल्यात, त्यामुळे तिथे कुणीतरी हाती लागतं. आपल्या खेड्यातली आई किंवा मामा कशाला असली टेस्ट करेल? वर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं, मामाची मुलगी करण्याची रीत. त्यामुळे दूरचा नातेवाईकसुद्धा जवळचा असल्यासारखा जुळतो. शोधासाठी पुण्याला आलेल्या, युरोपात वाढलेल्या एका दत्तक मुलीच्या हातात अशी 'जवळच्या' नातेवाइकांची यादी मी पाहिलीय. त्यातलं कुणीच जवळचं निघालं नाही. आठवड्यात पत्ता लागतो म्हणे!

राहिलं 'मुलाला सांगूच नका'. या एका सल्ल्याने सगळ्यात जास्त वाटोळं होतं. मला चौथ्या वर्षापासून माहीत होतं. आई रात्री गोष्ट सांगायची: 'आम्ही तुला आणायला गेलो तेव्हा तू एवढी मोठ्ठी जांभई दिलीस.' मी रोज तीच गोष्ट मागायची आणि आईने जांभई लहान केली तर भांडायची. उलट माझ्याबरोबर काम करणारा एक जण. त्याला 27 व्या वर्षी कळलं, वडिलांचे तेरा दिवस झाल्यावर, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेला तेव्हा. चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, 'याचा काय संबंध?' संबंध होता, नोंद झाली, कायद्यापुढे चुलतभावाचं काही चाललं नाही. पण त्याला लागलं ते वेगळंच. मला म्हणाला, 'सगळ्या गावाला माहीत होतं. मी एकटाच पाहुणा होतो.' त्याने जन्मदात्यांना शोधलं नाही. तो आईशी दोन वर्षं बोलला नाही. मूल दुरावू नये म्हणून जे लपवलं, त्यानेच ते दुरावलं.

एक गोष्ट मान्य करते. शोधाने त्रास होतो. दत्तक आईला झोप लागत नाही, माझ्या आईलाही लागली नव्हती. अर्ज केला त्या महिन्यात ती मला दिवसातून तीनदा 'जेवलीस का' विचारायची. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही भीती दिसली असेल तर ती खरी आहे. तिच्यावर त्याने सुचवलेलं औषध तेवढं खोटं.

हे सगळं मी मोठ्या पत्रासारखं लिहून घरच्या ग्रुपवर टाकलं. अर्धा तास सगळे गप्प. मग मावशीने तिचा मेसेज डिलीट केला. त्याची 'हा मेसेज हटवला गेला' अशी खूण तेवढी राहिली. नंतर तिचा आवाज आला, रडवेला: 'अगं, माझ्या खरंच लक्षात नव्हतं गं.' पाठोपाठ पाच मिनिटांनी लिहून विचारलं, 'तो मामा दिसतो कसा? आहे का तुझ्यासारखा?'

मी लिहिलं, 'कान.'